रात्री स्वयंपाकघरात जाऊन खाते ती मीच, पण मला काही आठवत नाही

अर्धजागी
सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लिहायला लाज वाटते आहे, म्हणून एका दमात लिहून टाकते.

गेले तीनेक महिने सकाळी ओट्यावर पसारा दिसायचा. ब्रेडचा चुरा, उघडी पडलेली जॅमची बाटली, साखरेच्या डब्यात रुतवून ठेवलेला चमचा. मुलगा अभ्यासासाठी जागतो, त्यामुळे संशय त्याच्यावर. दोनदा चांगलंच बोलले त्याला. तो शपथा घेतोय आणि मी म्हणतेय, भूक लागली तर खा रे, पण झाकण लावायला काय होतं? मग एकदा तो मित्राकडे राहायला गेला आणि नवरा कामासाठी बाहेरगावी. घरात मी एकटी. सकाळी फ्रीज उघडला तर लोण्याची वडी अर्धी झालेली आणि त्यावर दातांच्या खुणा. माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. त्या फटीची रेघसुद्धा लोण्यात उमटली होती.

तेव्हा कुठे बाकीचं जुळलं. सकाळी पोट जड असणं, नाश्ता नकोसा होणं, उशीवर सापडणारे बिस्किटांचे कण. वजन सहा किलो वाढलंय आणि मी दिवसा मोजूनमापून खातेय.

मुलाला सगळं सांगितलं. त्याने व्हिडिओ चालू करून मोबाइल कपाटावर लावून ठेवला. १ वाजून १० मिनिटांनी मी येते. दिवा लावत नाही. डोळे उघडे आहेत. फ्रीजच्या उजेडात उभी राहून गोठवलेले मटार मुठीमुठीने, बर्फासकट खाते. मुलगा ‘आई’ म्हणून हाक मारतो. मी ‘हं’ म्हणते आणि खात राहते. मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली सांगू? त्यात मी भुकेली दिसत नाही, खाण्यात मजा येतेय असंही दिसत नाही. एखादं राहिलेलं काम उरकत असल्यासारखी खाते.

झोप लागत नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी झोल्पिडेम सुरू झाली. आधी ५ मिग्रॅ, मग १०. याचा संबंध असेल का? की माझंच डोकं फिरलंय?

टवाळखोर
सोमवार, सकाळी ११:४१

चोर घरचाच निघाला म्हणायचा! मुलाला नुकसानभरपाई द्या आधी.

शिस्तप्रिय
सोमवार, दुपारी १२:१५

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दिवसा उपाशी राहायचं आणि रात्री शरीर वसूल करतं, यात गूढ काही नाही. दिवसा पोटभर जेवा, फ्रीजला कुलूप लावा आणि मनावर थोडा ताबा ठेवा. गोळीवर ढकललं की आपली जबाबदारी संपते, हे सोयीचं असतं.

खलबत्ता
सोमवार, दुपारी १:०५

शिस्तप्रिय, झोपेतल्या माणसाने मनावर ताबा ठेवायचा कसा ते एकदा सांगा. तो ताबा ठेवणारा भागच तेव्हा झोपलेला असतो.

अर्धजागी, मी गेली वीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा आहे. डोकं फिरलेलं नाही तुमचं. तुम्ही लिहिलंय ते या गोळीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. झोपेत चालणं, झोपेत स्वयंपाक करणं, खाणं, फोन करणं, अगदी गाडी चालवणं, आणि सकाळी काहीही न आठवणं. अडचण एवढीच की तो कागद बारीक अक्षरांत असतो आणि घडी घालून खोक्यात कोंबलेला असतो. गिऱ्हाईक खोकं माझ्यासमोरच फाडतं आणि कागद कचऱ्यात टाकतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण ‘हे मलाच का’ असा प्रश्न तुम्हाला पडला असणार. ही गोळी अमेरिकेत १९९२च्या अखेरीस मंजूर झाली. जुन्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा सौम्य, सवय कमी लागणारी, सकाळी डोकं जड न करणारी असं तिचं कौतुक होतं, आणि ते सगळंच खोटं होतं असं नाही. २००२मध्ये तिथल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या मॉर्गेनथेलर आणि सिल्बर या दोन डॉक्टरांनी पाच रुग्णांची हकिकत छापली. पाचही जण झोल्पिडेम घेत होते, रात्री उठून खात होते आणि सकाळी त्यांना पत्ता नव्हता. गोळी बंद केल्यावर खाणं थांबलं. २००७मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने झोपेच्या गोळ्यांच्या सगळ्या उत्पादकांना या प्रकारांचा इशारा ठळक करायला लावला. २०१९च्या एप्रिलमध्ये झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिघींवर चौकटीतला इशारा आला, म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात कडक. तेव्हा त्यांच्यासमोर २६ वर्षांतल्या ६६ गंभीर घटना होत्या, त्यांत २० मृत्यू. हे मृत्यू खाण्याने झालेले नव्हेत, घाबरू नका. पडणं, बुडणं, गाडीचे अपघात, थंडीत बाहेर निघून जाणं अशा गोष्टी होत्या. पण फ्रीजपर्यंत जाणारे पाय आणि दाराबाहेर जाणारे पाय एकच, म्हणून हे सांगितलं.

अजून एक. २०१३मध्ये याच प्रशासनाने बायकांसाठीचा सुरुवातीचा डोस १०चा ५ केला, कारण बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं. तुमचा १० कुणी आणि का केला ते विचारून घ्या. मात्र कमी डोसवर हे होतच नाही असं समजू नका. ५वरही झालेलं आहे, पहिल्या गोळीलाही झालेलं आहे.

जुनी_जाणती
सोमवार, दुपारी २:३०

मी ही गोळी अनेक वर्षं घेतेय, अर्धीच. मला एकदाही असं झालं नाही. असं वाचून लोक धसका घेतात आणि मग ना गोळी ना झोप. किती जणांना होतं हे पण सांगा की.

खलबत्ता
सोमवार, दुपारी २:५२

जाणतीताई, बरोबर आहे, घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना होत नाही. पण ‘मला झालं नाही’ यात एक मेख आहे. ज्याला होतं त्यालाही ते आठवत नाही. अर्धजागींना लोण्यावर दात दिसले म्हणून कळलं. तुम्हाला होतंय असं मी अजिबात म्हणत नाही, पण नक्की आकडा कुणालाच का देता येत नाही ते यावरून लक्षात येईल.

जुनी_जाणती
सोमवार, दुपारी ३:१०

आता मी पण मोबाइल लावून झोपणार. झोपमोड केलीत तुम्ही माझी.

निद्रावैद्य
सोमवार, रात्री ९:४५

दिवसभराची कामं उरकून आत्ता वाचलं. मी झोपेच्या विकारांचे रुग्ण बघतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते समोर बसून करायचं काम आहे. पण दोनचार गोष्टी एकात एक मिसळताहेत, त्या सोडवतो.

मेंदू एका बटणावर झोपत नाही. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप असते, ज्यात स्वप्नं फारशी नसतात. त्या झोपेतून काही माणसं अर्धवट वर येतात. हातपाय हलवणारे, चालवणारे, घास तोंडाशी नेणारे भाग जागे होतात आणि निर्णय घेणारे, आठवण साठवणारे भाग झोपलेलेच राहतात. त्यातून झोपेत चालणं घडतं, झोपेत बोलणं घडतं आणि काही जणांत खाणं. या खाण्याचं स्वतंत्र वर्णन १९९१मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शेंक, हर्विट्झ आणि माहोवाल्ड यांनी केलं, १९ रुग्णांवरून. झोल्पिडेम तेव्हा त्यांच्या बाजारात आलीही नव्हती. म्हणजे गोळी न घेताही हे होऊ शकतं. गोळी ते घडवून आणू शकते किंवा असलेलं वाढवू शकते.

वर कुणीतरी उपाशीपोटीचा मुद्दा काढला. हे रुग्ण खातात ते भुकेने नव्हे. त्यांचं खाणं घाईचं असतं, गोडाचं आणि तेलातुपाचं जास्त असतं, आणि पुष्कळदा विचित्र असतं: कच्चं मांस, गोठलेले पदार्थ, मिठाचे थर दिलेला ब्रेड, कॉफीची कोरडी पूड. लोणी लावलेली सिगरेट खाल्ल्याचीही नोंद आहे. मटार त्या मानाने बरेच म्हणायचे. नवल म्हणजे दारूला यातले बहुतेक जण हात लावत नाहीत.

आता गोळीचं. ती मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते. त्यातही तिचा ओढा ज्या प्रकारच्या ग्राहींकडे (पेशींवर हे रसायन जिथे चिकटतं त्या जागांकडे) आहे, ते झोप आणण्याशी आणि आठवण पुसण्याशी जास्त जोडलेले आहेत. त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक, झोपलेला माणूस अर्धवट उठून खातो. दुसरी, गोळी घेऊनही माणूस झोपलेलाच नसतो, इकडेतिकडे वावरत असतो, लगाम सैल झालेला असतो, म्हणून खातो, आणि त्या वेळेची आठवणच बनत नाही. सकाळी दोघंही म्हणतात, मला काही माहीत नाही.

म्हणून माझे प्रश्न. गोळी किती वाजता घेता आणि आडव्या किती वाजता होता? घोरता का? आणखी कुठली औषधं? दारू? आणि शेवटचा, हा नीट आठवून सांगा: संध्याकाळनंतर पायांना काही होतं का?

अर्धजागी
सोमवार, रात्री १०:३०

डॉक्टर, शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला.

गोळी साडेदहाला घेते. मग डबे भरणं, दुसऱ्या दिवसाची तयारी, मोबाइल. आडवी होते साडेअकराला, कधी बारा. दारू नाही. घोरते असं नवरा म्हणतो, पण तो स्वतः इतका घोरतो की त्याची साक्ष धरू नये.

पाय. हो. अनेक वर्षं. रात्री जेवून टेकलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं. दुखत नाही, खाजत नाही, नुसतं हलवावंसं वाटतं. उठून चार पावलं चाललं की थांबतं, परत पडलं की परत सुरू. मी त्याला थकवा समजत होते. आई पण रात्री पाय आपटायची, तेव्हा आमच्या घरात ते कुणाला नवीन नव्हतं. डॉक्टरांना मी फक्त ‘पडल्यावर झोप लागत नाही’ एवढंच सांगितलं. पायांचं सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.

गोळीच्या आधी काही आठवडे सर्दीची गोळी घेऊन झोपत होते, तिने गुंगी येते म्हणून. तेव्हा पाय जास्तच वळवळायचे.

निद्रावैद्य
सोमवार, रात्री ११:०५

सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्यांतल्या अनेकींनी हा पायांचा त्रास वाढतो. काही नैराश्याच्या औषधांनीही वाढतो, मळमळीच्या काहींनीही. तुम्ही वर्णन केलंत त्याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात आणि तो घराण्यात चालतो. लोक तो ‘झोप येत नाही’ या शब्दांत सांगतात, त्यावर झोपेची गोळी दिली जाते. पाय तसेच, वर गुंगी. शरीर उठवतंय आणि गोळी दाबून धरतेय. या ओढाताणीत रात्रीचं खाणं सुरू झालेले रुग्ण मी पाहिलेत, आणि मिनेसोटाच्याच हॉवेल आणि शेंक यांनी या जोडीवर बरंच लिहिलं आहे. रात्री उठून खाण्याची ओढ गोळीशिवायही या पायांच्या रुग्णांत पुष्कळ दिसते.

उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या आठवड्यात नको, उद्याच. असा एक जरी प्रसंग घडला असेल तर ही गोळी पुढे देऊ नये, असं २०१९पासून इशाऱ्यातच म्हटलं आहे. व्हिडिओ दाखवा. पाय सांगा. फेरिटिन, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे ते, तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन कमी असू शकतं, आणि या विकारात ते ७५च्या खाली असेल तरी लोह द्यायचा विचार करतात. साध्या अहवालात ७५च्या कितीतरी खालचा आकडाही ‘नॉर्मल’ म्हणून छापून येतो, त्यावर समाधान मानू नका.

आणि तोवर साडेदहाला गोळी घेऊन डबे भरू नका. ती गोळी अंथरुणात शिरताना घ्यायची असते, पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे असतील तरच.

कडीकुलूप
मंगळवार, सकाळी ७:५०

कुलपाचा सल्ला वाचला म्हणून लिहितोय. हीच कहाणी आमच्या घरी दोन वर्षं चालली. बायको झोपेत खायची. गोळी दुसऱ्या नावाची होती, औषध हेच.

मी फ्रीजला कुलूप लावलं. तिने फडताळातलं कोरडं पीठ खाल्लं. फडताळाला लावलं, तर सकाळी भांड्यांचा साबण चावलेला सापडला. कुलपाने खाणं थांबत नाही, हाताला लागेल ते खाल्लं जातं. एकदा अडवायला गेलो तर तिने मला असं ढकललं की मी दारावर आपटलो. एरवी आवाज चढवून बोलत नाही ती.

मग उलटं केलं. खाण्याचं राहू दिलं आणि धोक्याचं काढून टाकलं. रात्री गॅस मागच्या नळालाच बंद. सुऱ्या, काचेच्या बाटल्या, साफसफाईची द्रावणं, गाडीची किल्ली हे सगळं माझ्या खोलीत. तिला ज्याची ॲलर्जी होती ते घरातच आणायचं नाही, कारण झोपेत ती ॲलर्जी विसरायची. झोपायच्या खोलीच्या दाराला घंटी बांधली. घंटी वाजली की मी उठायचो, काही न बोलता बाजूला उभा राहायचो आणि हलकेच ‘चल, झोपू या’ म्हणायचो. बरेचदा यायची.

सगळ्यात वाईट काय होतं तर सकाळ. ती ओटा बघायची आणि रडायची, आणि सुरुवातीचे काही महिने मी तिला वर टोमणे मारले. शिस्तप्रिय यांनी वर लिहिलंय तसेच शब्द होते माझे.

शिस्तप्रिय
मंगळवार, सकाळी ९:२०

कडीकुलूप, लागलं. मला यातलं काही माहीत नव्हतं हे मान्य करतो. अर्धजागी, क्षमस्व. पण दिवसा जेवत चला, हे मागे घेत नाही.

टवाळखोर
मंगळवार, सकाळी ९:३१

मीही माझा विनोद मागे घेतो. साबणाचं वाचून हसू गेलं.

पेंगुळलेला
मंगळवार, दुपारी १:४०

मग माझं काय म्हणायचं? मी रात्री दोनदा-तीनदा उठतो आणि खाल्ल्याशिवाय परत झोपच लागत नाही. पण मला सगळं आठवतं. काय खाल्लं, किती खाल्लं, खाताना स्वतःला किती शिव्या घातल्या, सगळं. गोळ्या कुठल्याच नाहीत. सकाळी भूक शून्य, संध्याकाळनंतर सुटतो. हे पण तेच?

निद्रावैद्य
मंगळवार, रात्री ९:१०

बहुधा ते भावंड आहे, तेच नव्हे. शुद्धीत, आठवणीसकट, ‘खाल्लं नाही तर झोप लागणार नाही’ अशा खात्रीने खाणं याचं वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५मध्ये केलं होतं. त्याला रात्रखाण्याचा विकार म्हणू. त्यात दिवसाच्या एकूण आहारातला चौथा हिस्सा किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर पोटात जातो. झोपेचं घड्याळ आणि भुकेचं घड्याळ एकमेकांपासून सुटलेलं असतं. नैराश्याशी त्याचं बऱ्यापैकी नातं आहे, तेव्हा मूड कसा असतो हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. उपचार वेगळे आहेत. शिस्तप्रिय यांचा दिवसा नीट जेवण्याचा सल्ला तुमच्या बाबतीत खरंच कामाचा.

दोघांच्या मधली माणसंही असतात, ज्यांना धूसर आठवतं. ‘स्वप्नात खात होतो’ म्हणतात. सीमारेषा कागदावर असते तेवढी ठळक माणसात नसते.

उंबरठा
मंगळवार, रात्री ११:५५

बाबांचं सांगते. त्यांना मधुमेह. संध्याकाळची साखर ठीक आणि सकाळची उपाशीपोटीची २५०च्या वर, रोज. रात्रीचं इन्सुलिन वाढवत नेलं. तरी तेच. आई म्हणायची, हे चोरून खातात. ते म्हणायचे, देवाशपथ नाही. दोघांत अबोला. एका रात्री ते न खाता झोपले असावेत, पहाटे साखर इतकी उतरली की घामाने चिंब आणि बोबडी वळलेली. दवाखान्यात नेल्यावर एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, झोपेची गोळी कुठली? तोपर्यंत ते कुणीच विचारलं नव्हतं. गोळी साखरेच्या डॉक्टरांनी दिलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या कागदावरच नव्हती. दोन डॉक्टर, दोन कागद, आणि मधल्या फटीत बाबा.

गोळी बदलल्यावर सकाळचे आकडे दोन आठवड्यांत खाली आले आणि इन्सुलिन परत कमी करावं लागलं. आईने अजून त्यांची माफी मागितलेली नाही, पण आता त्यांच्या आवडीचं करून वाढते.

घुबड_क्रमांक_१
बुधवार, रात्री २:१५

वेळ बघून कळलंच असेल. मीही हेच औषध घेत होतो, वर्षभर, आणि शेवटी शेवटी सांगितल्यापेक्षा जास्त. खाण्याचा प्रकार कळल्यावर घाबरून एका झटक्यात बंद केलं, कुणाला न विचारता. पुढच्या तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतायत, छाती धडधडतेय. चौथ्या दिवशी स्वतःच दवाखाना गाठला. तिथे ऐकून घेतलं की जास्त डोसवरून असं एकदम उतरलं तर फिटसुद्धा येऊ शकते. मला टप्प्याटप्प्याने उतरवलं. तेव्हा गोळी सोडा, पण एकट्याने सोडू नका.

त्यानंतर निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धत केली, आठ आठवडे. सुरुवातीला ती शिक्षाच वाटते. झोप येत असेल तेव्हाच आडवं व्हायचं, वीसेक मिनिटांत नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी मात्र उठायची वेळ दगडावरची रेघ. दुपारची डुलकी बंद. अंथरुणातला वेळच कमी करतात, म्हणजे झोप दाटून येते. पहिले दोन आठवडे मी समुपदेशकाला मनात काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. आत्ता २:१५ला जागा आहे ते कामाच्या पाळीमुळे, निद्रानाशामुळे नव्हे.

निद्रावैद्य
बुधवार, सकाळी ८:३०

घुबड यांनी नेमकं लिहिलं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६मध्ये दीर्घ निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून हीच पद्धत सांगितली, गोळी नंतर. फक्त ज्यांना झोपेत चालायची-खायची खोड आहे त्यांनी झोपेची वेळ कमी करण्याचा भाग जपून, देखरेखीखाली करावा. अपुऱ्या झोपेमुळे गाढ झोप आणखी गाढ होते आणि त्यातून अर्धवट उठणं वाढू शकतं.

अर्धजागी
पुढच्या महिन्यात, रविवार, सायंकाळी ६:१०

खूप जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. उशीर झाला.

मंगळवारीच फोन केला होता. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पायांचं मी विचारायला हवं होतं. त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथेच निम्मा उतरला. गोळी बंद केली. माझा काळ चारच महिन्यांचा आणि डोस ठरलेलाच होता, म्हणून त्यांनी थांबवताना आठवडाभर रोज फोन करायला सांगितला.

पहिल्या चार रात्री भयंकर गेल्या. झोप नाही आणि पाय तर सूड घेत होते. फेरिटिन आलं १८. अहवालावर ते सामान्य मर्यादेतच छापलेलं, निद्रावैद्य म्हणाले होते अगदी तसं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांना दोन-तीन महिने लागतील असं सांगितलंय. पायांसाठी गॅबापेंटिनच्या गटातलं औषध रात्री. प्रामिपेक्सोल नावाच्या दुसऱ्या औषधाबद्दल मी वाचून गेले होते, रात्रीच्या खाण्यावर ते काहींना लागू पडतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, ते वर्षानुवर्षं घेतलं तर पाय उलटे जास्त बिघडू शकतात, आणि काही जणांत त्याने जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते. खाण्यावरचं औषध आणि त्याने खाण्याचीच ओढ! मी म्हटलं, राहू दे.

झोपेची तपासणीही झाली. घोरण्याचं नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं, पण श्वास अडकण्याइतकं नाही. तो हे सगळ्यांना सांगत फिरतोय.

मोबाइल अजून कपाटावर लावतो. गोळी थांबल्यापासून एकदाच दिसले, नवव्या रात्री. फ्रीजपर्यंत आले, दार धरून उभी राहिले आणि परत गेले. त्या वेळचं मला पुसट आठवतंय, पाय गार फरशीवर बरे वाटत होते एवढंच. वजन एक किलो उतरलंय, बाकीचं उतरेल तेव्हा उतरेल. मुलाला नुकसानभरपाई दिली, टवाळखोर. काय दिली ते त्याच्या-माझ्यात.

कडीकुलूप, घंटी बांधली आहे. वहिनी आता कशा आहेत ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

कडीकुलूप
रविवार, रात्री ८:४०

बरी आहे. गोळी सुटली तरी तिला लहानपणापासून झोपेत चालायची सवय होती, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून एखादी फेरी होते. टोपिरामेट नावाचं फिटवरचं औषध चाललं काही दिवस, खाणं कमी झालं पण तिला शब्द आठवेनात, बोटांना मुंग्या यायच्या. बंद केलं. आता जागरण झालं नाही तर शांत असते. घंटी काढलेली नाही.

चष्मेवाली
सोमवार, सकाळी १०:०५

धागा सलग वाचून काढला. माझा भाऊ क्वेटियापिन घेतो, मनाच्या आजारासाठी, झोपेसाठी नव्हे. तोही रात्री उठून खातो आणि नाही म्हणतो. झोल्पिडेम कधीच घेतलेली नाही. मग हे लागू होतं का? ते औषध थांबवून बघावं का?

निद्रावैद्य
सोमवार, दुपारी १:२०

थांबवून बघू नका. त्या औषधावरही असे प्रसंग नोंदले गेलेत, ओलान्झापिनवर, मिर्टाझापिनवर, लिथियमवरही. पण ते ज्या आजारासाठी चालू आहे तो परत उसळला तर त्याची किंमत रात्रीच्या खाण्यापेक्षा फार मोठी असेल. शिवाय या औषधांनी दिवसाची भूकही वाढते, त्यामुळे तो झोपेत खातोय की जागेपणी भुकेने खाऊन संकोचाने नाकारतोय, हे आधी ठरवावं लागेल. दोन आठवडे वही ठेवा: गोळीची वेळ, झोपायची वेळ, उठला ती वेळ, हाक मारल्यावर नीट उत्तर दिलं का, सकाळी काय आठवलं. त्याला सांगून ठेवा, लपून नको. ती वही त्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.

चष्मेवाली
सोमवार, दुपारी १:३४

सांगून ठेवा हे बरं झालं लिहिलंत. मी आत्ताच कॅमेरा लपवायला जागा शोधत होते. आज संध्याकाळी त्याच्याशी बोलते.